२०२५ : थांबले ते जिंकले की घेऊन टाकलं ते?

जुना_प्रोसेसर (ठाणे) | २८ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

नौपाड्यात माझं संगणकाचं दुकान आहे. जोडणी आणि दुरुस्ती. बावीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच सल्ला देत आलोय : अडलं नसेल तर थांबा, दोन महिन्यांत उतरेल. आमच्या धंद्यात हा सल्ला फसत नाही. माल जुना होतो, दर पडतो, थांबणारा सुखी होतो.

यंदा फसला. तोही लेखी पुराव्यासकट.

सप्टेंबरात, पितृपक्ष चालू असताना, चरईतले एक काका आले. निवृत्त माणूस. घरी इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, त्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबरला त्याचे अपडेट बंद करणार होती आणि काकांच्या यंत्रावर विंडोज ११ रीतसर चढत नाही, कारण आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतच नाहीत. मी नव्या जोडणीचा हिशेब पिवळ्या कागदावर लिहून दिला. त्यात १६ जीबी डीडीआर-५ रॅम, ४,६०० रुपये. काका म्हणाले, "पितृपक्षात नको. शिवाय २२ तारखेला जीएसटी उतरतोय." मी सांगितलं, काका, तो टीव्ही-एसीचा उतरतोय, २८ वरून १८ वर. संगणक आधीपासूनच १८ वर आहे. पण थांबा, दिवाळीत काहीतरी ऑफर निघेल.

‘पण थांबा’ हे शब्द माझे.

८ डिसेंबरला काका आले. चार घड्या घातलेला तोच पिवळा कागद काउंटरवर उलगडला, हाताने सरळ केला आणि विचारलं, "हे तुमचंच अक्षर ना?" त्या दिवशी तीच रॅमची स्टिक तेरा हजारांच्या घरात होती. लॅमिंग्टन रोडच्या होलसेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी एक दर असतो, जेवून येईपर्यंत दुसरा. हल्ली आम्ही कोटेशनवर ‘दर आज संध्याकाळपर्यंत’ असं लिहितो. सराफ झालोय सराफ.

कारण थोडक्यात : जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या सर्व्हरला वेगळी, महागडी मेमरी लागते आणि तिच्यात नफा जास्त. कारखाने तिकडे वळले, आपल्या वाट्याचा माल आटला. ३ डिसेंबरला तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

वर्षाचे चढउतार वर्तमानपत्रं छापतीलच. मला इथल्या लोकांना एवढंच विचारायचंय, यंदा कुठे थांबलात आणि फायदा झाला? कुठे थांबलात आणि फटका बसला?

---

तुटका_माऊस | २८ डिसेंबर, ११:०२

पहिला!

मे महिन्यात ३२ जीबी घेतली तेव्हा घरात ‘कशाला हवंय एवढं’ यावर दोन दिवस अबोला होता. आता मी तिला रॅम म्हणत नाही, गुंतवणूक म्हणतो.

---

मीनल_घोडबंदर | २८ डिसेंबर, ११:३१

माझ्याकडे दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत, एकाच महिन्यातली.

फायदा : एसी. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीची घोषणा झाली त्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं, आता दुकानात पाऊल ठेवायचं नाही. पाच आठवडे पंख्याखाली काढले. २८ चा १८ झाला म्हणजे किमतीत दहा टक्के उतरत नाहीत बरं का, पावणेआठच उतरतात. तरी पंचेचाळीस हजारांच्या एसीवर साडेतीन हजार सुटले.

फटका : सासऱ्यांची आरोग्य विमा पॉलिसी. नूतनीकरण १९ सप्टेंबरला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ पासून शून्य. तीन दिवस! एजंटला म्हटलं, थांबता येईल का? तो म्हणाला, ताई, तीन दिवसांत काकांना काही झालं तर? भरले गुपचूप, अठरा टक्क्यांसकट. शेजारच्यांची पॉलिसी २४ ची. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या स्वतःहून विषय काढतात.

आणि सोन्याचं कोणी बोलायचं नाही. एप्रिलमध्ये तोळ्याने पहिल्यांदा लाख गाठला तेव्हा ‘हा काही टिकत नाही’ असं मी जांभळी नाक्यावर उभी राहून छातीठोक सांगितलं होतं. भाचीचं लग्न फेब्रुवारीत आहे.

---

सानपाडा_लोकल | २९ डिसेंबर, सकाळी ७:५०

लोकलमधून लिहितोय, शुद्धलेखनाला माफी.

१२ एप्रिल आठवतोय का? शनिवार, त्यात हनुमान जयंती. देवळाबाहेर रुईच्या माळा विकणाऱ्या मावशीकडून माळ घेतली, तीस रुपये यूपीआय केले, चक्र फिरत राहिलं. मागे रांग. प्रत्येकाचा हात वर, प्रत्येकाच्या मोबाइलवर तेच चक्र. मी पुन्हा पुन्हा स्टेटस बघतोय. मावशी म्हणाली, "दादा, जा तुम्ही, मारुती कुठं पळून चाललाय? उद्या द्या." रविवारी दिले. तिने मोजलेही नाहीत.

पुढे कळलं ते असं. त्या दिवशी बँकांकडून ‘व्यवहार झाला का’ या चौकशीचा एवढा पूर आला की त्यातच यंत्रणा बसली, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तपासून सांगितलं. म्हणून १ ऑगस्टपासून नियम आला : अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच, दोन चौकशांत ९० सेकंदांचं अंतर. म्हणजे एनपीसीआयच्या फर्मानानेच थांबायला शिकवलं. त्याच ऑगस्टमध्ये महिन्याचे व्यवहार पहिल्यांदा २,००० कोटींवर गेले. ही यंत्रणा मला आजही चमत्कार वाटते. फक्त मी खिशात शंभराची नोट ठेवतो आता.

---

ऐरोलीकर | २९ डिसेंबर, दुपारी १:१५

@सानपाडा_लोकल, आमच्याकडे उलटं झालं. आम्हाला थांबायचंच होतं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. पहाटे उटणं, कारीट फोडलं, फराळ. दुपारी पाऊण-एकच्या सुमारास फोन वाजायला लागले. ॲमेझॉनचं क्लाउड अमेरिकेत व्हर्जिनियाला आडवं झालेलं. मूळ दोष डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीच्या नोंदींचा, पण त्या एका केंद्रावर निम्मं जग टेकलेलं, त्यामुळे गेम, बँका, चॅट सगळं ठप्प. आमचा एक ग्राहक त्यावरच. मॅनेजर कॉलवर विचारतोय, "वी आर डूइंग व्हॉट?" आम्ही पाच इंजिनियर पाच घरांतून चकली खात एकच पान रिफ्रेश करतोय. आई विचारते, "दुरुस्त कधी होईल?" म्हटलं, तिकडच्या लोकांना विचार. १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर (यावरही असंख्य वेबसाइट टेकलेल्या) पडलं तेव्हा तिने विचारलंही नाही.

धागाकर्त्याच्या मुद्द्यावर. ठाणे-बेलापूर रोडने रबाळे, महापेकडे जाताना बघा. जिथे माझ्या लहानपणी कारखान्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती आहेत. कुंपण, कॅमेरे, गच्चीवर कूलर, मागे जनरेटरची रांग. आत माणसं मोजकीच. डेटा सेंटर. टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात जमीन, वीज आणि समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात ती जवळीक, तिन्ही एकत्र मिळतं म्हणून सगळे इथे येतात. तुमच्या काकांची रॅम कुठे गेली असं कोणी विचारलं तर मी खिडकीतून बोट दाखवू शकतो.

नोकरीचं विचाराल तर जुलैत टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार असं सांगितल्यापासून आमच्या कॅन्टीनमध्ये जेवण लवकर संपतं. आमच्या कंपनीने (नाव नको) एप्रिलची पगारवाढ ‘थोडं थांबा’ म्हणून ऑक्टोबरवर नेली. ऑक्टोबरात पत्र आलं. पगारवाढ नव्हती, ‘संयमाबद्दल आभार’ होते.

---

तुटका_माऊस | २९ डिसेंबर, २:०४

> संयमाबद्दल आभार

फ्रेम करून लावा.

---

खारघरची_मावशी | २९ डिसेंबर, ४:२०

बहिणीचा मुलगा सिॲटलहून नवरात्रासाठी आला होता. शुक्रवार, १९ सप्टेंबरला ट्रम्प यांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर फी लावली. आपल्याकडे शनिवार उजाडलेला. त्याच्या कंपनीची मेल आली, चोवीस तासांत परत या. घटस्थापना सोमवारी, घट आणून ठेवलेले, आणि पोरगं तिप्पट पैसे देऊन दोहामार्गे रात्रीच उडालं. तो हवेत असताना खुलासा झाला की फी फक्त नव्या अर्जांना आहे, जुन्यांना नाही.

थांबला असता तर? बहीण अजून यावर रडते. मी तिला सांगते, तेव्हा कोणाला माहीत होतं.

---

रबाळे_युनिट | २९ डिसेंबर, रात्री ९:१०

माझं लहान युनिट आहे, मशिन केलेले सुटे भाग. थोडा माल अमेरिकेला जायचा. २७ ऑगस्टपासून भारतावर ५० टक्के आयात शुल्क. तिकडच्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली नाही. रद्द केली असती तर बरं झालं असतं. त्याने ‘होल्ड’ केली. तयार माल चार पेट्यांत पॅक होऊन गाळ्यात पडून आहे, वर त्याच्या कंपनीचं लेबल. रोज सकाळी शटर उघडलं की समोर तोच.

लोक म्हणतात, डिसेंबरात डॉलर ९० च्या वर गेला, निर्यातदारांची चांदी. माल गेला तर चांदी.

---

सह्याद्री_३८६ | २९ डिसेंबर, १०:३५

@जुना_प्रोसेसर, लेख आवडला, पण ‘सल्ला कधी फसत नाही’ हे पटलं नाही. २०११ ला थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले, डिस्क दुप्पट झाल्या. २०१७ ला रॅम अशीच चढली होती. २०२१ ला ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोवाल्यांनी पळवली. मेमरीच्या धंद्यात हे चक्र असतंच. २०२३ मध्ये याच तीन कंपन्यांकडे माल पडून होता, तोटे झाले, उत्पादन कापलं. त्याचाही हा परिणाम आहे. सगळं खापर एआयवर फोडू नका. आणि एआय यंदा फुकट मिळालं त्याचं काय? जुलैत एअरटेलने परप्लेक्सिटी दिलं, ऑक्टोबरअखेर जिओने जेमिनी द्यायला सुरुवात केली, नोव्हेंबरात चॅटजीपीटी गो वर्षभर मोफत. माझी मुलगी कळव्याच्या साध्या शाळेत दहावीला आहे. भूमितीचं प्रमेय ती रात्री अकराला मराठीतून विचारते आणि तिला मराठीतून उत्तर मिळतं. क्लास लावायची ऐपत आहे, पण वेळ कोणाकडे आहे? हे चढउतारांतलं चढ नाही का?

---

जुना_प्रोसेसर | २९ डिसेंबर, ११:२०

@सह्याद्री_३८६, बरोबर. २०११ आणि २०१७ मी सोयीस्कर विसरलो. २०१७ ला तर माझ्याच दुकानात आठ जीबीवरून भांडण झालं होतं.

तरी यंदाचा फरक सांगतो. पूर आला तेव्हा कारखाने आपल्यासाठीच पुन्हा उभे राहिले. क्रिप्टो पडलं तेव्हा कार्डवाले आपल्याच दारात परत आले. आपण रांगेत मागे ढकलले गेलो होतो एवढंच. यंदा एका कंपनीने आपली रांगच बंद केली. एकोणतीस वर्षांचा ब्रँड, चालणारा, आणि ‘आता तुम्ही नकोत’. बावीस वर्षांत मी माल संपल्याचं ऐकलंय. गिऱ्हाईक नको झालेलं पहिल्यांदा ऐकलं.

मुलीचं वाचून आनंद झाला, मनापासून. फक्त माझ्या गल्ल्यातून हिशेब असा दिसतो : तिचं उत्तर फुकट आहे आणि ते ज्या मेमरीत शिजतं तिचे पैसे चरईतले काका भरतायत.

---

कट्ट्यावरचा | ३० डिसेंबर, सकाळी ९:०५

शेअरवाल्यांची हजेरी लावतो. ऑक्टोबरात एलजीचा आयपीओ ११४० ला, बाजारात उघडला १७१० ला. मला लागला नाही. त्या रागात नोव्हेंबरात लेन्सकार्टला अर्ज केला, ४०२ ला लागला, उघडला ३९५ ला. यावर जास्त बोलायची इच्छा नाही.

बाकी जुलैत सेबीने सांगितलंच की २०२४-२५ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये किरकोळ लोकांचे एक लाख कोटींहून जास्त बुडाले. त्यात माझा वाटा किती हे घरी माहीत नाही. धागा कृपया घरच्यांना पाठवू नये.

---

खाडीपलीकडे | ३० डिसेंबर, दुपारी १२:४५

थांबण्याच्या गप्पा चालल्यात आणि उलव्याचं कोणी नाही, हे बरं दिसत नाही.

नवी मुंबई विमानतळाचं आम्ही नव्वदच्या दशकापासून ऐकतोय. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदी वळवली, दहा गावं उठवली. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, आणि परवा २५ डिसेंबरला प्रवाशांचं पहिलं विमान उतरलं, बंगळुरूहून. पाण्याचे फवारे मारून स्वागत केलं. धावपट्टी ३,७०० मीटर. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय.

आजी ब्याऐंशीची. तिला नव्या घराच्या गच्चीवर खुर्ची टाकून दिली. विमान दिसलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, म्हणाली, "इमान आयला, पन गाव गेला." नंतर चहा मागितला.

आमच्यात थांबण्याचा हिशेब असा. विमानतळाला दिलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्क्यांचा भूखंड मिळाला तेव्हा एका चुलत्याने लगेच विकला, गाडी घेतली, पोरीचं लग्न केलं. दुसऱ्याने ठेवला. आज दुसऱ्याकडे बिल्डर येऊन चहा पितात. पहिला वेडा होता असं मी म्हणणार नाही, पोरीचं लग्न विमानतळासाठी थांबत नाही. आणि जानेवारी १९८४ ला जमिनीच्या आंदोलनात जासई-दास्तान फाट्यावर आणि नवघरला मिळून पाच जण गोळीबारात गेले नसते, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले नसते, तर आधीचे साडेबारा टक्के नाहीत आणि साडेबावीसही नाहीत. विमानं उडाली. विमानतळाला दिबांचं नाव लागायचं अजून थांबलंय.

---

ऐरोलीकर | ३० डिसेंबर, १:१०

__/\__

आजींना नमस्कार सांगा.

अवांतर : विमानतळ उघडायच्या तीन आठवडे आधी इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवरून. नियम जानेवारी २०२४ मध्येच आले होते, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. ‘बघू, थांबू’ म्हणण्यात ते आपल्याहून पुढे निघाले.

---

मीनल_घोडबंदर | ३० डिसेंबर, १:४०

थांबण्यात घोडबंदर रोडचा हात कोणी धरू नये. २२ सप्टेंबरला गायमुख ते विजय गार्डन मेट्रोची चाचणी झाली. वर रिकामी गाडी डौलात चाललेली आणि खाली आम्ही इंजिन बंद करून बघतोय. बसमधल्या एका आजोबांनी तिला टाटा केला.

आणि गाडीची नवी नंबरप्लेट! मार्चअखेरची मुदत सरकत सरकत डिसेंबरअखेर आली. मी मार्चमध्येच धावत जाऊन लावली, सोसायटीतल्या आळशी मंडळींना नऊ महिने जास्त मिळाले. खजिनदार असल्याने अजून एक : ४ ऑक्टोबरपासून चेक त्याच दिवशी वटणार म्हणून आरबीआयची नवी पद्धत आली. आमचे मेंटेनन्सचे अकरा चेक दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर लटकले. सुरक्षारक्षकांचा बोनस मी माझ्या खात्यातून दिला.

---

जुना_प्रोसेसर | ३० डिसेंबर, रात्री १०:१५

काकांचं पुढे काय झालं हे तिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून सांगतो.

नवीन जोडणी केलीच नाही. त्यांचं काम काय? बँकेचं पासबुक बघणं, मुलीशी व्हिडिओ कॉल आणि चाळीस वर्षांच्या भिशीचा हिशेब. दुरुस्तीत निघालेली डीडीआर-४ ची आठ जीबी स्टिक माझ्या खणात होती, ती जुन्या यंत्रात बसवली. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, विंडोजऐवजी मोफतचं लिनक्स मिंट टाकलं. काल चालू करून दाखवलं तर म्हणाले, "हे तर आधीपेक्षा पळतंय. मग सप्टेंबरात हेच का नाही केलंत?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. सप्टेंबरात मला नवीन विकायचं होतं, हे खरं उत्तर आहे, पण ते काउंटरवर देता येत नाही. मजुरी घेतली नाही. पिवळा कागद मागितला, तर दिला नाही त्यांनी. खिशात ठेवून गेले.

---

कट्ट्यावरचा | ३० डिसेंबर, १०:५०

जुनी रॅम चालते? माझ्या माळ्यावर ऑफिसच्या भंगारातल्या रॅमची पिशवी पडलीय. सात-आठ स्टिक असतील. बायको दिवाळीत फेकायला निघाली होती, मी म्हटलं थांब.

---

जुना_प्रोसेसर | ३० डिसेंबर, १०:५२

स्टिकरवर पीसी-३ (म्हणजे डीडीआर-३) छापलंय की पीसी-४ (डीडीआर-४) ते बघा. ३ असेल तर फेका. ४ असेल तर हात लावू नका, फोटो पाठवा.

---

कट्ट्यावरचा | ३० डिसेंबर, ११:३०

माळ्यावर चढलो. सहा पीसी-३. दोन पीसी-४, सोळा-सोळाच्या.

---

जुना_प्रोसेसर | ३० डिसेंबर, ११:३१

उद्या दुकान दहाला उघडतं. दर संध्याकाळपर्यंत.